बार

डाव्या गालात, खालच्या दाढांशेजारी
भिजवलेल्या वाटाण्याएवढं काहीतरी
पहिल्यांदा जिभेला लागलं
तेव्हा मी कात्रजच्या गाडीवर होतो,
सुट्ट्या पैशांवरून एका बाईंशी भांडत.
भांडण अर्ध्यात सोडलं. त्यांना वाटलं, जिंकल्या.

नऊ वर्षांत वाटाण्याची सुपारी झाली.
दुखली नाही, ठणकली नाही.
बाहेरून मात्र दिसायची.
डेपोत म्हणायचे, निगडे, बार एकटाच लावता होय?
मी तंबाखूला कधी शिवलो नाही
हे स्वारगेटला कुणाला पटवून दाखवा.
कौसल्या रात्री खाकी शर्टाचे खिसे उलटे करायची,
चुन्याची डबी सापडत नाही म्हणून जास्तच चिडायची.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आई म्हणायची.
त्याच तोंडात ही एवढी गाठ
मी कुणाला न सांगता सांभाळली.
वर्कशॉपच्या सुर्व्यांचा अर्धा जबडा काढला होता.
मी पाहिलं होतं, ते चहा कसे पितात.

रिटायर झालो, मग डेंटल कॉलेजात गेलो.
सहा शिकाऊ पोरांनी एकेक करून बोट घालून दाबलं.
"तंबाखू किती वर्षं, काका?"
सातवा असता तर मी वीस सांगितलं असतं.

मुजावर मॅडम मिरजेच्या, बोलायला कमी.
अर्ध्या तासात काढून बाटलीत टाकली
तर ती बुडेना.
पिवळी, ताकावरच्या लोण्यासारखी
वर येऊन थांबली.
"तरंगतेय. चरबीच असणार.
तोंडात अशी क्वचित होते, बघून घ्या रे."
पोरांनी फोटो काढले.
एकतीस वर्षांच्या नोकरीत
माझा फोटो फक्त पासावर होता.

बाटली लॅबमध्ये पोचवायचं काम कौसल्याकडे आलं.
रिक्षा, टेम्पो, दोन मोटारसायकली अडवून
दोन्ही हातांत धरून तिने रस्ता ओलांडला.
पलीकडे, उसाच्या गाड्याशी थांबली,
झाकण सैल केलं
आणि नाक जवळ नेलं.

बधिर तोंडाने मी ओरडलो, काय ते मलाच कळलं नाही.
तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.
औषध झोंबलं म्हणाली.

आठ दिवसांनी कागद आला: साधी गाठ, चरबीची.
कौसल्याने तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.
जीभ अजून जाते तिकडे,
टाक्याच्या दोऱ्याला अडते,
हिशेब चुकल्यासारखी पुन्हा मोजते.