काजळी उतरताना

रेडकारला समुद्राकडून वारा सुटला
की शेडचं पत्र्याचं दार आपण होऊन बोलतं.
रात्रीचे अडीच. रिॲक्टरच्या दोन टोकांमधला
दाबाचा फरक पुन्हा चढतोय,
म्हणजे आत कुठेतरी वाट बुजतेय.
क्लिफ रेडशॉ काट्याकडे बघत नाही.
पंपाला कान देतो, म्हणतो,
दम लागलाय त्याला.

पिंपात वाळुंजाच्या ढलप्यांचं तेल.
तेल म्हणायचं आपलं.
काकवीसारखं काळं, चव न घेताही आंबट,
नुसतं ठेवलं तरी महिन्याभरात घट्ट होणारं,
डिझेलमध्ये ओतलं तर फटकून बसणारं,
नळ्या कुरतडणारं.
क्लिफला त्यात व्हिटबीचा धुरावलेला हेरिंग येतो.
मला अनंतमामा,

गुहागरच्या मागल्या पडवीत
करवंटीत निखारा टाकून उकिडवा बसलेला.
करवंटी चुरचुरायची,
घाम फुटावा तसं तेल फुटायचं तिला
आणि पितळी वाटीत एकेक काळा थेंब.
कोपरावरच्या नायट्यावर त्यानं ते बोटानं लावलं
आणि मी अंगणभर नाचले.
झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, तो म्हणाला.
नायटा गेला. डाग आहे.

धुराला अर्ध्या वाटेत पकडलं की त्याचं हे असं होतं:
ना लाकूड, ना राख,
अंगभर प्राणवायू घेऊन चिडलेलं काहीतरी.
प्राणवायू काढून घेतल्याशिवाय याचं इंधन होत नाही,
हे वाक्य मराठीत म्हटलं की मी अजून दचकते.
इंग्रजीत रोज म्हणते, काही होत नाही.

नववीत पाध्येबाईंनी फळ्यावर लिहिलं होतं:
उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो,
स्वतः मात्र बदलत नाही.
दोन गुणांचा प्रश्न. मला दोन मिळाले.
बाई, तो बदलतो.
चौथ्या दिवशी बदलतो.
साबुदाण्याएवढे दाणे, त्यांच्या आत
दिसणार नाहीत इतकी बिळं, बिळांत निकेल,
आणि निकेलवर हळूहळू बसत जाते काजळी,
कंदिलाच्या काचेवर बसावी तशी,
फक्त इथे पुसायला बोट जात नाही.

म्हणून तेल बंद. नायट्रोजन. मग हवा,
अगदी चिमटीनं, साडेचारशे अंशांवर.
घाई केली तर काजळीबरोबर दाणेही वितळून चिकटतात.
आम्ही दोघं पडद्यावरच्या एका रेषेकडे बघत बसतो:
कार्बन डायऑक्साइड चढतो, टेकडीवर थांबतो,
पहाटेकडे उतरायला लागतो.
क्लिफ डब्यातून बीटरूटचं सँडविच काढतो.
मलाही तीनदा जाळून घेतलंय असंच, तो म्हणतो,
आधी भट्टी बंद झाली, मग कॉल सेंटर, आता तू.
आणि एकटाच हसतो, बराच वेळ.

सहा वाजता पुन्हा हायड्रोजन, पुन्हा वाळुंज.
साडेनवाला पहिली बाटली.
खाली पाणी, वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं
पातळ, शहाण्यासारखं काहीतरी.
वाळुंजानं टीजच्या काठी उभं राहून
हवेतून जो प्राणवायू घेतला होता
तो आता खालच्या थरात पाणी होऊन बसलाय,
आणि त्या पाण्याकडे कुणी बघत नाही.

क्लिफ बाटली हुंगतो. परत हुंगतो.
कसलाच वास नाही, म्हणतो, तक्रार केल्यासारखं.

वहीत मी लिहिते: पुनरुज्जीवन चौथं. क्षमता एक्क्याण्णव टक्के.
मागच्या वेळी चौऱ्याण्णव होती.
बाहेर दार बोलतंच आहे.
घरी जाऊन केस दोनदा धुतले,
तरी उशीला
करवंटी.