लाभ, दोन, तीन

पहिलीत बाईंनी चिंचोके मोजायला दिले
तेव्हा मी सुरू केलं: लाभ, दोन, तीन...
वर्ग हसला. बाईंनी पट्टी उचलली, मग ठेवून दिली.
"मापाड्याची ना गं तू?" एवढंच म्हणाल्या.

वडील, ज्योतीराम मापाडी, जन्मात 'एक' म्हणाले नाहीत.
शाहूपुरीत, तवनाप्पांच्या अडतीत, काट्याला खेटून उभे,
गुळाचा पहिला रवा चढला की लाभ,
आणि तो असा लांबवत
की पलीकडचा चहावाला गाळणी हातात धरून थांबे.
कुणाचा लाभ, हे त्यात नसे.
त्यांचा तर नव्हताच. संध्याकाळी
धोतराला चिकटून येई तेवढा गूळ घरचा,
तो आम्ही मुंग्यांच्या आधी पाण्यात सोडायचो.

सौदा मात्र मुका.
दोन दलाल, एक टॉवेल, टॉवेलाखाली बोटं.
चेहरे देवळाच्या पायरीवर बसल्यासारखे शांत
आणि खाली करंगळ्या भांडत.

पुढे मी बँकेत लागले. बत्तीस वर्षं जमा आणि नावे.
पुण्याला प्रशिक्षणात एक साहेब सांगत होते,
इटलीच्या बंदरांत दोन्ही बाजू लिहायची रीत कशी रुळली,
ॲमस्टरडॅमला, जहाज अजून समुद्रात असताना,
किनाऱ्यावर बसून त्यातल्या मिऱ्यांची बोली कशी लागे.
सगळे टिपून घेत होते.
मी वहीत लिहिलं: टॉवेल केवढा असेल.

टाउन हॉलच्या संग्रहालयात
वीतभर उंचीचा एक समुद्रदेव आहे, काशाचा, रोमकडचा,
ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला.
इथून समुद्र घाट उतरून, दिवसभर चालून, मग कुठे.
काचेपाशी उभी राहिले की वाटतं,
पंचगंगेच्या काठी कुणीतरी गाठोडं सोडलं असणार
आणि बैलांच्या वासात, अनवाणी, कुणीतरी
म्हणालं असणार त्या वेळचं काहीतरी,
लाभ ह्याच अर्थाचं.
त्याचं नाव मातीच्या कुठल्या थरात निघालं नाही.

मग ते साल.
अहमदाबादच्या पेढीने हुंडी सकारली नाही.
नऊशे रवे गाडीतून गेलेले, खाल्लेलेसुद्धा असतील.
तवनाप्पा कागद उलटसुलट करत म्हणाले,
"पैसे मिळाले की हुंडीला खोका म्हणतात, ज्योतीराम.
मिळालेच न्हाईत तर काय म्हणायचं?"
वडील गप्प. त्यांचं काम वजनाचं, कागदाचं नव्हे.

बाहेर ओट्यावर अकरा हमाल,
तीन आठवड्यांची हमाली थकलेली. कुणी काही मागत नव्हतं.
विड्या पेटत होत्या, विझत होत्या.
आतून रत्नव्वा आल्या, गळ्यातला साज काढत.
गुजरीला न्यायच्या आधी पानं मोजून घ्या, म्हणाल्या,
साक्षीला मापाडी असू दे.

वडिलांनी पहिलं पान चिमटीत धरलं
आणि सवयीने बोलून गेले, लाभ.
जीभ चावली. तवनाप्पांनी भिंतीकडे पाहिलं.

"थांबलासा का वो मापाडी? म्हणा की फुडं."
रत्नव्वा हसत होत्या. खरंच हसत होत्या.

दोन, वडील म्हणाले. तीन.
एकवीसपर्यंत आवाज लहान होत गेला,
चहावाल्याला काही ऐकू गेलं नसेल.
हमाली त्याच रात्री चुकती झाली.
एकाला बारा आणे जास्त गेले, ते त्याने सकाळी आणून दिले.

आता यार्डात काटा लाल आकड्यांचा.
रवा ठेवायच्या आधीच शून्य दाखवतो.
वडिलांनी एकदाच पाहिला, चष्मा पुसून.
"ह्याला सुरुवातच न्हाई," म्हणाले, आणि चालू लागले.

रत्नव्वा मात्र पुढे कितीतरी लग्नांत दिसायच्या.
बोलता बोलता हात गळ्यापाशी जाई,
काहीतरी चाचपे
आणि खाली येई, मोजून झाल्यासारखा.