तारेचा तुकडा

पुंता अरेनासचा वारा धुराड्यातून उलटा शिरतो.
अशा दिवशी रादोस्लाव हत्यारांची पेटी उघडतो
एदुविखेसबाईंच्या स्वयंपाकघरात.

"नळ सोडा."
पाणी पडद्याला रेटतं, पडदा खिळीला,
खिळी एका इवल्या स्विचला.
टक टक टक, ठिणगी.
झडप उघडते, ज्योत धरते.
ज्योतीत खुपसलेली काडी विचारत राहते:
आहेस? आहेस?
ज्योतीतूनच सरपटणारी मुंगीभर वीज
हो म्हणते, तोवरच गॅस.

आणि वर, धुराड्याच्या तोंडाशी
बटणाएवढी चकती.
धूर माघारी आला की ती तापून पाठ वाकवते,
सगळं थांबतं.

इथे मात्र तिच्या दोन टोकांना
तांब्याची तार पिळून बसवलेली.
"सारखा विझायचा हो," बाई म्हणतात,
"अंगाला साबण तसाच. मग ह्यांनीच एकदा..."
उरलेलं वाक्य त्या नळ बंद करून संपवतात.

तो तार कापतो. खिशात टाकतो.
पुन्हा नळ. पुन्हा ज्योत. वारा येतो.
टक्.
पाणी बोटांवर गार होत जातं.
"बिघडला?"
"नाही. आत्ता कुठे नीट झाला.
धुराड्याची टोपी घेऊन उद्या येतो."

बाई पातेलं भरून शेगडीवर ठेवतात,
आणि खिडकी
चार बोटं उघडी.