सरळ रेषा

पायसांदूच्या इस्पितळात, जुलैतल्या कडाक्याच्या थंडीत,
वेटिंग हॉलमधल्या टीव्हीवर पुन्हा एक माणूस मेला.
रेषा सरळ झाली, लांबलचक टूंऽऽ,
देखण्या डॉक्टरनं दोन इस्त्र्या एकमेकींवर घासल्या,
देह वीतभर उडाला, आणि डोळे उघडून त्यानं
प्रेयसीचं नाव घेतलं. मग साबणाची जाहिरात.

सुल्मा माझी बाही धरून विचारते,
"विल्मारलाही असंच केलंत ना?"

कसं सांगू तिला,
सरळ रेषेला आम्ही झटका देत नाही.
रिकाम्या घराचं दार ठोठावून
कोण ओ देणार?
तिथे छाती दाबायची, औषध टोचायचं, दाबत राहायचं.
झटका असतो तो थरथरीसाठी.
वीज आरपार गेली की हृदय कधीकधी थांबत नाही,
पेशी न् पेशी आपापलं तुणतुणं वाजवू लागते
आणि रक्त जागच्या जागी.
आम्ही त्या सगळ्यांना एकदम गप्प करतो,
एवढंच.
पुढचा ठोका त्याचा त्यानंच आठवायचा.

लोकर धुण्याच्या शेडमध्ये, ओल्या फरशीवर,
पंपाची वायर उजव्या अंगठ्यातून शिरली,
नळावर टेकलेल्या डाव्या तळव्यातून निघाली.
खुणा बघ: एक तांदळाएवढी, एक मसुरीएवढी.
दोघींच्या वाटेत हृदय.

आदेमारनं झाडूच्या दांड्यानं वायर उडवली
आणि अँब्युलन्स येईस्तोवर अकरा मिनिटं छाती दाबली,
मेंढ्या मोजाव्यात तशी मोजत,
तीस झाल्या की पुन्हा एकपासून.
झटका नंतर, गाडीत. एकच.
दोन बरगड्या मोडल्या.
विल्मारला आता तेवढंच दुखतंय.
विजेचं काही आठवत नाही त्याला,
"मला मारलं कुणी?" विचारतो दर दहा मिनिटांनी.

पहाटे चारचा कागद मी काढला.
एखादा ठोका आगाऊ, रांग मोडून पुढे घुसणारा.
बाकी ठीक.
असला कागद कुठलीच मालिका दाखवणार नाही.

बाहेर बाकावर आदेमार.
त्याला कुणी तपासलेलं नाही,
तपासण्यासारखं काही झालेलंच नाही त्याला.
येर्बा चहाचा तुंबा पुढे केला, तर
दोन्ही हातांत अशी थरथर
की गरम पाणी बुटांवर सांडलं.
मी तुंबा काढून घेतला नाही.
माझे हात त्याच्या हातांवर ठेवले
आणि दाबले.