चौथा पंख

खोक्यावर छापलंय: सन एकोणीसशे नव्व्याण्णव,
शनीच्या चंद्रांमध्ये टपाल वाहणारं यान.
चित्रात गोल खिडक्या, आत पिवळा उजेड,
खाली बारीक अक्षरात: इंजिन वेगळं घ्यावं.

नव्व्याण्णव साली मी जीपीओत
परदेशी पार्सलच्या खिडकीवर होतो.
शनीकडून काही आलं नाही.
यायचं ते सोराब मिस्त्रींचं, दर दोन-तीन महिन्यांनी,
कोपरे चेपलेलं, कस्टमच्या चिठ्ठीवर 'खेळणी'.
साठीचा माणूस, खिशात पॉलिशपेपरची घडी.
एकदा विचारलं, खेळणी कुणासाठी?
म्हणाले, तुमचा रविवार मोकळा असतो का?

ईस्ट स्ट्रीटच्या मागे त्यांचं घर.
जेवणाच्या टेबलावर जेवण मी कधी पाहिलं नाही.
बाल्साच्या पट्ट्या, टाल्कम पावडर, लाखेची बाटली,
बशीतल्या पाण्यात सुटत चाललेली अक्षरं
जी श्वास रोखून यानावर सरकवायची.
मला सहा महिने नुसतं घासायला दिलं.
रेषे मिटेपर्यंत घास, मग लाख, मग परत घास.
"बोटाला विचारा," म्हणायचे, "डोळे खोटं बोलतात."

कपाटात सत्तावीस यानं:
मंगळावरची रुग्णवाहिका, धूमकेतूवरची खाणबोट,
एक तबकडी, जी तबकडीसारखी उडायची
आणि ताटासारखी पडायची.
न उघडलेली खोकी वरच्या फळीवर.
ती कधी करणार?
"केली की संपली ना."

ते गेले. कपाट एका व्यापाऱ्यानं नग मोजून नेलं.
हे अर्धवट, म्हणून उरलं,
म्हणून त्यांच्या बहिणीचा, पिलूबाईंचा, मला फोन.

तीन पंख चिकटवलेले. चौथा नाही.
खोक्यात नाही, टेबलाखाली नाही,
केरातही गेल्याचं पिलूबाईंना आठवत नाही.
नळीवर पेन्सिलीची चौथी रेघ मात्र आहे
आणि रेघेशेजारी गुजरातीत एक शब्द.
मला गुजराती येत नाही.
मी आयुष्यभर पिनकोड वाचले.

तिसऱ्या पंखाचा आकार पोस्टकार्डावर उतरवला.
रेषे पुढच्या कडेला समांतर, हे लक्षात होतं.
तरी माझा पंख अर्धा मिलिमीटर जाड.
दुपारभर घासला.
वरच्या मजल्यावरून कुणीतरी: काका, सुतार लावलाय का?
बोटाला विचारलं. बोट गप्प बसलं.

दिवे घाट चढून, सासवडच्या अलीकडे,
बाजरी निघालेलं एक वावर.
पिलूबाई घडीच्या खुर्चीत, छत्री उघडून.
इंजिनं मिस्त्रींच्याच चहाच्या डब्यातली, शेवटची दोन.
नाकाचं टोपण बसवण्याआधी त्यांनी
पर्समधून कागदाची बारीक घडी काढली
आणि आत सरकवली.
मी पाहिलं नाही.
खिडकीवरची सवय: आतलं वाचायचं नसतं.

पहिलं इंजिन फुसकलं.
दुसऱ्याला वायर जोडताना माझा हात कापत होता,
वयानं म्हणा.
गेलं!
सरळ नाही, माझ्या पंखाकडे झुकत,
पण गेलं, इतकं वर की रंग उरला नाही,
नुसता धुराचा एक दोरा, वाऱ्यानं वाकवलेला.
मग पॅराशूट, केशरी,
सीताफळांच्या बागेकडे निघालेलं, घाई नसल्यासारखं.

बागेचा राखणदार घेऊन आला.
"हे तुमचं का? कुठलं म्हणायचं?"
पुण्याचं, मी म्हणालो.
टोपण नव्हतं. आतलं रबर तुटलेलं.
झाडाखाली तासभर शोधलं, पायाला काटे.
कागद नाही, टोपण नाही.
"म्हणजे पोचलं," पिलूबाई छत्री मिटत म्हणाल्या.
पोचपावती नाही मिळाली, मी म्हणालो.
त्या हसल्या, मग हसता हसता थांबल्या.

हडपसरला गाडी अर्धा तास एका जागी.
मांडीवर यान, तीन पंख शाबूत,
चौथा निघालेला, माझ्या खिशात.
रेघ दिसतेय. शब्दही.
पिलूबाई शेजारीच होत्या, चष्मा लावून.
विचारता आलं असतं.