तीन मिनिटांचा डाव

रात्रपाळीला, सबस्टेशनात,
देवानंद गोहणे पहिल्या दहा चाली
बघतसुद्धा नाही.
अंगठा आपला चालतो,
तासाचं रीडिंग वहीत उतरवावं तसा.
राजा कोपऱ्यात.
उंट लांबच्या तिरप्या रेघेवर नुसता बसलेला,
वखरामागच्या बगळ्यासारखा.

मग एक प्यादं फुकट देऊन टाकतो.
पलीकडचा, पेरूचा का पोलंडचा कोण जाणे,
थबकतो.
तिथंच त्याचे वीस सेकंद गेले.
"प्यादं नाही घेतलं त्यानं बावा,
घोर घेतला."

वजिरावजिरी लवकर करून टाकतो.
साहेब उभा असला, म्हणतो,
की बाकीच्यांचे हात चालत नाहीत.
घोडा कडेकडेनं, धुऱ्यावरून.
मात द्यायची हौस नाही;
समोरचं घड्याळ शून्यावर आलं
की फोन पालथा घालून तंबाखू मळतो.

काल एक वाजून नऊ मिनिटं.
त्याच्याकडे चाळीस सेकंद, समोरच्याकडे नऊ.
मी हसायलाच लागलो होतो.
गोहणे उठला.
एक-दहाला गावठाण फीडर बंद, शेतीचा चालू;
आणि टॉवर गावठाणावर,
बॅटऱ्या दिवाळीपासून मेलेल्या.
"थांब ना बे थोडा!"
त्यानं ब्रेकरची मूठ फिरवली.

फोनवर एक चाक फिरत राहिलं.
शिवारात एकेक मोटार घुमू लागली.
वहीत त्यानं लिहिलं, ०१.१०, सुरेख अक्षरात.
"हरला ना?"
"वेळेवर हरलो.
चुन्याची डबी कुठं ठेवली तू?"