नोंदवहीत नसलेलं फूल

डॉक्टर लसीकरणाला गेलेले,
दवाखान्यात मी एकटा. सरकारी भाषेत व्रणोपचारक,
पारोळ्याच्या भाषेत डागतर आबा.

हर्षाली धापा टाकत आली.
ओच्यात पिलू, नाव बटण,
आणि मुठीत फूल, तेही बटणाएवढंच. निळं.
"आबा, हाई फूल खाई लिधं यानी.
मरी जाई का?"

फूल पाहण्यातलं होतं. बोरीच्या काठी, मुरमाड जागी
जमिनीला पोट लावून पसरतं;
पाय पडला की मग आपण खाली बघतो.
पण खाल्लं तर?
एकतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

विषबाधेची वही काढली.
ज्वारीची किरळ : गाय, दोन.
एरंडाच्या बिया : शेळी.
कण्हेर : बोकड, लग्नाच्या मांडवातला.
फवारणीचा डबा चाटला : बैल. शेरा, उशीर.
सगळं माझंच अक्षर, कुठं शाई, कुठं पेन्सिल.
पानं संपली. निळं काही निघालं नाही.

"यात नाहीच."
"म्हंजे चांगलं का वाईट?"
बोलती बंद झाली माझी.
या वहीत यायला आधी कुणाला तरी तडफडावं लागतं.
जे खाल्लं आणि जिरलं
त्याचा रकाना कोण आखतो?

हिरड्या पाहिल्या, गुलाबी. पोट मऊ.
थर्मामीटर लावताना मात्र चावला मला, बरं वाटलं.
डॉक्टरांचा फोन लागेना.
"बसू थोडं," म्हटलं.

बाराच्या सुमाराला तिच्या मुठीतलं फूल मिटलं,
आणि तिनं भोकाड पसरलं.
हे मेलं, आता तोही.
तिला हातपंपाच्या मागं नेलं.
तिथं तीच वेल, मुळासकट, जिवंत,
आणि फुलं सगळी मिटलेली.
"उन्हात झोपतात ती. उद्या सकाळी ये बघायला."
तिनं माझ्याकडं असं पाहिलं
जसं इंजेक्शनवाल्याकडं बघतात.

चारला फोन लागला.
"विष्णुक्रांता? सहसा काही होत नाही.
रात्रभर लक्ष ठेवायला सांगा.
आणि फवारलेल्या बांधावरची नव्हती ना?"
नव्हती. नदीकाठची होती.

तोवर बटण उठला,
अंग झाडलं,
आणि वहीच्या पुठ्ठ्यावर मुतला.

ती गेल्यावर ओली वही उघडली.
नियमात बसत नाही, तरी लिहिलं :
निळं फूल. कुत्रा, एक. वय दीड महिना.
शेरा, चालत घरी गेला.